माळाला पडीक म्हणू नका

थंडी पडू लागली की सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नजच्या आसपास पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. गळ्यात दुर्बीण, हातात भला मोठा कॅमेरा. आपली माणसं बांधावरनं बघतात आणि हसतात. 'एवढं पेट्रोल जाळून पाखरं बघायला येत्यात, खुळी का काय?' हा शेरा गावोगाव कानावर येतो. शेतकरी बंधूंनो, ती माणसं खुळी नाहीत. ज्या माळाला आपण पडीक म्हणून मोकळे होतो, त्याची किंमत त्यांना कळली आहे आणि आपल्याला अजून कळायची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नान्नजचे नाव झाले ते माळढोकामुळे. १९७२ साली सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकाकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात नुसता माळ नव्हता. चालू शेते, वस्त्या, गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारावर बंधने आली आणि माळढोक म्हणजे शेतकऱ्याचा वैरी, असे समीकरण होऊन बसले. २०१२ च्या सुमारास क्षेत्र कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले. लोकांचा राग खोटा नव्हता. पण राग कागदावरच्या हद्दीचा, आणि भोगले पाखराने.

माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कुत्र्याने खाल्ले, जनावराचा पाय पडला की त्या हंगामाचा खेळ खलास. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडताना समोरची वीजतार त्याला लवकर दिसत नाही आणि दिसली तरी एवढे जड अंग झटकन वळत नाही. आज देशात दीडशेसुद्धा माळढोक रानात उरलेले नाहीत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवण्याची खटपट चालू आहे. नान्नजला मात्र चार-चार दिवस मुक्काम केला तरी माळढोक दिसेल याची खात्री नाही.

तरीही येणारा रिकाम्या हाताने जात नाही. धाविक, पखुर्डी, चंडोल, कळवीट, खोकड आणि नशिबात असेल तर लांडगा, एवढे एका सकाळी दिसू शकते. यातली निम्मी मंडळी आपल्या शेतावर फुकट मजुरी करतात, हे आपण विसरतो. हिवाळ्यात ज्वारीवरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या तुम्ही पाहिला असेल. तो मध्य आशियाकडून येतो आणि दिवसभर नाकतोडे, उंदीर टिपतो. रात्री मात्र झाडावर बसत नाही, माळावरच्या उंच गवतात जमिनीवर थव्याने झोपतो. तुम्ही गवत पेटवले, की त्याचे बिऱ्हाड मोडले.

भोरड्यांचे काय, असे कुणीतरी विचारणारच! हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की नुकसान होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच पाखरू टोळ-नाकतोड्यांचे काळ आहे. चीनच्या शिनजियांग भागात टोळ आवरण्यासाठी त्याला घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढिगारे रचून देतात. ज्वारी त्यांना सोडून द्या असे मी म्हणणार नाही. गोफण चालवा, डबे वाजवा, विष मात्र घालू नका.

दुसरी गोष्ट झाडांची. वृक्षलागवड चांगलीच, पण बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात. मुरमाड माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली, तर जगलेल्या झाडाखाली गवत मरते आणि न जगलेल्याचे खड्डे उरतात. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा कागद रंगतो, पण मारवेल, पवना जातो आणि धनगराने मेंढरं न्यायची कुठे? माळाचे पीक गवत आहे. गायरानाचे तुकडे पाडून आळीपाळीने चराई बंद ठेवली आणि बी झडल्यावर कापणी केली, तर वैरणही मिळते आणि पाखरंही राहतात.

पैशाचे म्हणाल, तर इंदापूर तालुक्यातले कुंभारगाव बघून या. उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला लोक येतात, मच्छीमार नाव काढतात आणि घरी मासळीचे जेवण मिळते. आपल्याकडच्या पोरांना खोकडाचे बीळ कुठे आणि कळवीट पाण्यावर केव्हा येते, हे पाठ असते. त्यांनी वाटाड्या म्हणून दाम का घेऊ नये? मात्र गाडी रस्त्यावरच थांबेल, घरट्याजवळ कुणी जाणार नाही आणि रात्री बॅटरी मारत जनावरामागे गाडी पळणार नाही, ही शिस्त गावाने घालून द्यावी. शहरातला फोटोवाला शहाणा असतोच असे नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. २००२ च्या कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता समिती असायला हवी. ती कागदावर असेल तर तिची बैठक लावा, गायरानावरचे गवत आणि पाखरं यांची नोंद करा. लांडग्याने मेंढरू मारले तर ४८ तासांत वनविभागाला कळवा, पंचनाम्याआधी मढे हलवू नका. भरपाई मिळते, त्यासाठी बिळात धूर करायची गरज नाही.