किती कोस, किती तास ?

परदेशीं मुलाचें किंवा मुलीचें बिऱ्हाड असणें ही आतां आमच्या घरांतून अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. "विमानानें यावयास किती वेळ लागतो ?" असें कोणीं विचारलें म्हणजे तिकिटावरील तासांचा आंकडा सांगून आपण मोकळे होतों. पण हें उत्तर अपुरें असतें, व नेमकें अडचणीच्या वेळीं तें दगा देतें. यास्तव मुंबई व लंडन या दोन विमानतळांचें उदाहरण घेऊन हा हिशेब आम्ही येथें मांडीत आहों.

प्रथम अंतर. तें भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून मोजूं नये. पृथ्वीच्या गोलावर दोन गांवांमध्यें दोरा ताणून धरावा. नकाशावरची सरळ रेघ इराककडे नेते. दोरा मात्र तिच्या उत्तरेस, कॅस्पियन समुद्र व कॉकेशस यांच्या बाजूनें जातो. हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें.

ताशीं ९०० किलोमीटर वेगानें आठ तास पुरावेत. परंतु उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्यामुळें जातांना सुमारें दहा तास लागतात, व येतांना नऊ. शिवाय विमानास सरळ वाट नेहमींच मिळते असें नाहीं; २०२२ सालीं युक्रेनचें आकाश नागरी विमानांस बंद झालें, तेव्हां कित्येक मार्गांस वळसा पडला.

पुढें घड्याळाचा घोंटाळा. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत आपल्या साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. हिवाळ्यांत सकाळीं सातला मुंबई सोडणारा प्रवासी तेथील साडेअकराला उतरतो. म्हणजे जणूं साडेचारच तास लागले! उलट तेथून सकाळीं दहाला निघालेला येथें पोंचतो तों रात्रीचे साडेबारा होऊन तारीखहि बदललेली असते.

आतां खरा प्रश्न. समजा, पुण्यास वडील अत्यवस्थ आहेत, व सोमवारीं रात्रीं साडेअकराला मुलास निरोप गेला. तेथें तेव्हां संध्याकाळचे सहा वाजलेले. जागा मिळाली ती मंगळवारीं सकाळीं दहाच्या विमानांत. मुंबईस उतरून, सामान घेऊन, मोटारीनें पुणें गांठीपर्यंत बुधवारची पहांट होईल. नऊ तासांच्या प्रवासास तीस तास लागले ! इकडे मंडळी मात्र मंगळवारच्या दुपारपासून दाराकडे डोळे लावून बसलेलीं.

आमचे आजे आगबोटीचे प्रवासी. विलायतेच्या वाटेस दोन-तीन आठवडे लागत, आणि मुलगा वेळेवर पोंचेल अशी आशाच कोणी धरीत नसे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें विमान कैरो व जिनीव्हा या मार्गें लंडनला निघालें, तेव्हांपासून ही आशा उत्पन्न झाली. आशा वाढली त्या मानानें हिशेब मात्र वाढला नाहीं. मग अंत्यविधीसाठीं किती थांबावें यावर घरांत वाद होतात, आणि "तूं उशीर केलास" हा बोल मुलास जन्मभर ऐकावा लागतो.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, घरून घरीं पोंचण्याचे तास शांतपणें मोजून, दोन्ही घड्याळें धरून, कागदावर लिहून ठेवावे. दुखणें बळावूं लागतांच, शेवटची घटका येण्याची वाट न पाहतां, निरोप धाडावा. आणि कोणीं किती वेळ थांबावयाचें, तें घरांतील वडील मंडळींनीं स्वतःच आधीं सांगून ठेवावें. वारा व घड्याळ यांचा दोष लेंकरांच्या माथीं येऊं नये.