ब्रेकमधली हवा आणि आपली काटकसर

आंबेनळी घाट उतरताना मोटारसायकलचा पुढचा ब्रेक मऊ पडत चालला, तेव्हा प्रथम वाटले की आपलीच बोटे दमली असावीत. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे निघालो होतो. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा आणि उतार संपायचे नाव नाही. एका वळणावर लिव्हर थेट मुठीला टेकला. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर यांच्या भरवशावर गाडी कशीबशी कठड्याशी उभी केली. अर्ध्या तासाने, चाक थंड झाल्यावर, तोच ब्रेक शहाण्यासारखा लागू लागला. मला धास्ती वाटली ती या शहाणपणाची. बिघडलेली वस्तू आपोआप सुधारली की आपण ती विसरून जातो.

दीडच महिन्यापूर्वी गाडीचे ‘ब्रेक ऑइल’ बदलून घेतले होते. ते ज्या डब्यातून ओतले गेले तो मी पाहिला होता : झाकण हरवलेला, तोंडात चिंधी कोंबलेला. दोष त्या डब्याचाच होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण संशय तिथून हलत नाही. गॅरेजवाल्यावर एकट्यावर मी ठपका ठेवत नाही. उरलेले टाकायचे नाही, हा संस्कार त्याच्यावर आणि माझ्यावर सारखाच झालेला.

मुळात ‘ब्रेक ऑइल’ हे नावच घात करणारे आहे. ते तेल नव्हेच. साधे तेल किंवा पेट्रोल त्यात गेले, तर आतली रबरी सीले फुगून निकामी होतात. आपल्या गाड्यांत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव, आणि त्याचा स्वभाव आषाढातल्या मिठाच्या बरणीसारखा. झाकण उघडे राहिले की हवेतली ओल शोषून घ्यायची. नवाकोरा ‘डॉट ४’ द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, अशी अट असते. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये उतरते, आतला द्रव उकळतो, वाफ होते. द्रव दाबला तर दबत नाही, वाफ मात्र दबते. आपण लिव्हर दाबतो आणि आतल्या आत नुसती वाफ आकसते.

ड्रम ब्रेकच्या जमान्यात नट थोडा आवळला की भागत असे. १९९९ मध्ये आलेल्या सीबीझेडचा डिस्क ब्रेक आम्ही कौतुकाने वाकून पाहिला होता. आज डिस्क ब्रेक घरोघरी आहे. १ एप्रिल २०१९ पासून तर १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएसही सक्तीचे झाले. यंत्र बदलले, आपली सवय मात्र नट आवळण्याचीच राहिली. दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा, असे गाडीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते. ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढतो कोण?

हे काम घरी होते. हवे ते सामानही थोडेच आहे. फक्त आपण नको तिथे खर्च करतो आणि नको तिथे वाचवतो. हौशी मंडळी हातपंपाचा झगमगीत संच आणतात. त्याने हवा ओढली की निपलच्या आट्यांतूनही हवा येते, बुडबुडे थांबतच नाहीत आणि माणूस चक्रावतो. त्याऐवजी फिशटँकसाठी मिळणारी पारदर्शक नळी आणि औषधाच्या दुकानातली सिरिंज पुरते. पैसे घालायचे ते पान्यात. निपल बहुधा ८ मिलिमीटरचा, क्वचित १० चा. त्याला सहा कोनांचा चांगला रिंग पानाच हवा. फिक्स पान्याने त्याचे कोपरे झिजतात, आणि निपल आतून पोकळ असल्याने जोर लावला की कॅलिपरमध्येच मोडून बसतो.

द्रव कोणता, हे टाकीच्या झाकणावरच कोरलेले असते. आकडा मोठा तेवढा माल चांगला, या समजुतीने ‘डॉट ५’ आणू नये. तो सिलिकॉनचा असतो, ग्लायकॉलशी त्याचे जमत नाही. ‘५.१’ मात्र ग्लायकॉलचाच. आणि बाटली सीलबंद व लहान. मोठी बाटली स्वस्त पडते हे खरे, पण उरलेली माळ्यावर ठेवून पुढच्या पावसाळ्यानंतर वापरायची असेल तर ती बचत कसली?

आमच्याकडे लिव्हरवर कन्या असते. पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके, कारण हा द्रव रंग खातो. जुना द्रव सिरिंजने उपसून नवा भरायचा. नळीचे एक टोक निपलवर, दुसरे बाटलीतल्या द्रवात बुडवलेले. मग ‘दाब, धरून ठेव’, मी निपल पाव फेरा सैल करतो, चहाच्या रंगाचा द्रव वाहतो, निपल आवळतो, ‘आता सोड’. निपल उघडा असताना लिव्हर सुटला तर हवा परत आत, आणि वरची टाकी रिकामी पडली तर सगळे पहिल्यापासून. नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्याचा द्रव येऊ लागला आणि लिव्हर दगडासारखा लागला, की गल्लीत चालण्याच्या वेगाने चार वेळा थांबून पाहायचे.

‘ब्रेकसारख्या जिवाच्या गोष्टीला घरी हात लावू नये,’ असे एक स्नेही म्हणतात. त्यांचे निम्मे खरे आहे. द्रव गळत असेल, पिस्टन अडकला असेल किंवा एबीएसच्या आत हवा शिरली असेल, तर कारखान्यातच जावे. त्या हवेला कधी कधी संगणक जोडूनच बाहेर काढावे लागते. ज्यांना पाना धरायचाच नाही, त्यांनीही निदान आपली बाटली आपण घेऊन जावी आणि सील समोर फोडायला सांगावे. गॅरेजवाला पहिल्यांदा थोडा नाराज होईल. पण सलूनच्या खुर्चीत बसल्यावर नवे ब्लेड मागायला आपण कुठे लाजतो?