‘घरगुती बाब’

संध्याकाळीं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलें, म्हणजे राज्यकारभाराचा कोणताहि प्रश्न अर्ध्या तासांत सुटतो. मागल्या आठवड्यांत तर वादाचीहि गरज पडली नाहीं. शेजारच्या इमारतींतील एक बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून पोलिसांकडे गेली होती. आणि ‘सरकारनें घरगुती बाबींत पडूं नये’ हा सिद्धान्त एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं मांडतांच सर्वांनीं माना डोलावल्या. क्षणभर मीहि. म्हणूनच हा लेख.

या शहरांत सरकार घरगुती बाबींत पूर्वींच पडलें आहे, आणि तेंहि दंड उगारून. लहानपणीं झालेलें लग्न नाकारून रखमाबाई नवऱ्याच्या घरीं जाईनात, तेव्हां मार्च १८८७ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें त्यांना बजावलें कीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. त्या वेळीं ‘ही घरगुती बाब’ म्हणून कोर्टानें हात आंखडला नाहीं, आणि सरकारचें दार ठोठावणें आमच्या कित्येक धर्माभिमानी पुढाऱ्यांना लाजिरवाणें वाटलें नाहीं. स्त्रीला घरांत डांबण्यास जें सरकार चाललें, तेंच तिला घरांत सुरक्षित ठेवावयास आलें म्हणजे परकें कसें होतें?

कायदा नाहीं, असें कोणी म्हणूं नये. १९८३ मध्यें दंडविधानांत ४९८-अ हें कलम आलें. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनीं घेतली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर याहून पुढें गेला. घर कोणाच्याहि नांवावर असो, त्यांत राहण्याचा तिला हक्क. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत. अर्ज ६० दिवसांत निकालांत काढण्याचा यत्न. हे हक्क, संरक्षण अधिकारी आणि फुकट वकिली साहाय्य यांची माहिती तक्रार ऐकणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेंच तिला द्यावयाची, असें त्याच्या पांचव्या कलमांत लिहिलें आहे.

आतां ठाण्यांत काय होतें तें पाहा. कांहीं वर्षांमागें माझी एक जुनी विद्यार्थिनी, हाताला प्लास्टर घातलेली, मला बरोबर घेऊन एका ठाण्यांत गेली. पांचव्या कलमांतील एक अक्षरहि तेथें उच्चारलें गेलें नाहीं. हाड मोडणें हा दखलपात्र गुन्हा. पण तो नवऱ्यानें केला म्हणून ‘एन. सी.’च्या वहींत चार ओळी. नंतर अधिकारी मजकडे वळून म्हणाले, “सर, तुम्ही वडीलधारे आहांत. दोघांची समजूत घाला.” मला तो मान वाटला. मीं समजूत घातली. ती परत गेली. आणि पुढल्या खेपेस मजकडे आली नाहीं. तेव्हां दोष केवळ खाकी गणवेशाचा नाहीं.

‘कायद्याचा दुरुपयोग होतो’ हा कट्ट्यावरील दुसरा आक्षेप. कोणत्या कायद्याचा होत नाहीं? सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्येंच अर्नेशकुमार खटल्यांत लगाम घातला आहे. उलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा अवघ्या १४ जणींनीं कोणाकडे तरी मदत मागितलेली आढळली. आणि त्यांतल्याहि बहुतेकींनीं माहेरीं. हा का खोट्या तक्रारींचा महापूर?

जी धीर करून लिहून देते, तिचें काय होतें? वसईच्या एका तरुणीनें नोव्हेंबर २०२० मध्यें पोलिसांना लेखी कळविलें होतें कीं, सोबत राहणारा पुरुष आपल्याला मारून तुकडे करण्याची धमकी देतो. पुढें तिनें तक्रार मागें घेतली व कागद बंद झाला. मे २०२२ मध्यें दिल्लींत तिचा तसाच खून केल्याचा आरोप त्याच पुरुषावर आला. त्या डिसेंबरांत राज्य सरकारनें समिती नेमली, ती आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठीं! तक्रार मागें घेणाऱ्या बाईला पोलिसांनीं पुन्हा कधीं व कसें विचारावें, हा त्या समितीचा विषयच नव्हता.

याहून बरें करतां येतें, हें याच शहरानें दाखविलें आहे. १९८४ मध्यें टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानें पोलीस आयुक्तालयांतच स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला. पुढें वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र निघालें. ‘बाथरूममध्यें घसरलें’ असें सांगणाऱ्या बाईला तेथें दुसऱ्यांदा, एकांतांत, विचारणारें कोणी तरी असतें. तें ठाण्यांत कां नसावें?

शेजारची ती बाई अजून त्याच इमारतींत राहते. ठाण्यांत तिला काय सांगितलें, हें कट्ट्यावर कोणीहि विचारलें नव्हतें. काल मीं तिलाच विचारलें.

“घरीं जा, ताई. शांतपणें विचार करा,” असें सांगितलें म्हणाली.