साठीचं दशक आणि टाकीचं झाकण

गॅदरिंगच्या ‘रेट्रो डे’ला आपण काय करतो? काकांच्या ट्रंकेतून मोठ्या कॉलरचा शर्ट काढतो, शंभर-दीडशे रुपये भाड्याने केसांचा टोप आणतो, गळ्यात मण्यांच्या माळा घालतो आणि दोन बोटं वर करून फोटो काढतो. झालं साठीचं दशक! दुपारी तीनला बंडखोरी संपते, कारण चारला प्रॅक्टिकल असतं.

मीही तीन वर्षं हेच केलं. यंदा सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रॉइंग शीट अर्धवट टाकून (हे वाक्य सरांनी वगळावं) मी कॉटवर बसलो होतो. रूम पार्टनर सांगलीचा. तो म्हणाला, “काय करायलायस? ये की, लय भारी सिरियल घावलीय.” हार्डडिस्कच्या कोपऱ्यात पडलेली ती जुनी इंग्रजी मालिका होती, ‘हिप्पीज’.

बीबीसी टू वर १९९९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिचे फक्त सहा भाग झाले. ‘फादर टेड’ ही गाजलेली विनोदी मालिका लिहिणाऱ्या ग्रॅहम लाइनहन आणि आर्थर मॅथ्यूज या जोडीची ही कल्पना. लेखन मॅथ्यूजचं. पण ही काही चालली नाही. समीक्षकांनी झोडपली आणि दुसरा हंगाम झालाच नाही. नायक सायमन पेग, म्हणजे पुढे ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये टॉम क्रूझच्या टीममध्ये कॉम्प्युटर सांभाळणारा तोच!

गोष्ट १९६९ च्या लंडनची. रे नावाचा तरुण मित्रांना घेऊन ‘माउथ’ नावाचं बंडखोर मासिक काढतो. क्रांती करायची, जुनं जग उलथवायचं, हे तोंडात कायम. प्रत्यक्षात याला काही धड जमत नाही. जिच्यावर मरतो ती जिल याला भीक घालत नाही, आणि सोबतचे दोघे दोन तऱ्हांचे. आम्ही हसलो, नाही असं नाही. पण चौथ्या भागापाशी मला काहीतरी खटकायला लागलं. या संपादकावर हसणं फार सोपं होतं. तीस वर्षांनंतर कुणावरही हसता येतं!

खऱ्या लंडनमध्ये त्याच काळात ‘ऑझ’ नावाचं असंच मासिक निघत होतं. त्याचा १९७० चा एक अंक शाळकरी मुलांनी मिळून तयार केला. त्यावरून १९७१ साली तिन्ही संपादकांवर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षा झाल्या आणि अपिलात मुख्य शिक्षा रद्द झाल्या. म्हणजे केसांच्या मागे डोकंही होतं आणि त्या डोक्याची किंमत मोजायची तयारीही होती. मालिकेने केस तेवढे ठेवले. आपणही रेट्रो डेला तेच करतो.

आता कुणी म्हणेल, “लंडनचं लंडनला! आपल्याकडे कुठे होतं असलं काही?”

काउंटर-कल्चर म्हणजे प्रतिसंस्कृती. सातारा-सांगलीच्या माणसाला ‘प्रति’ शब्द समजावून सांगावा लागू नये. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून याच मातीत चाललं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. आणि गंमत बघा, साठीच्या दशकात मराठीत जी ‘लघुअनियतकालिकं’ निघाली (नाव व्हायव्हाला विचारण्यासारखं आहे, पण अर्थ सोपा : आकाराने लहान आणि निघतील तेव्हा निघणारी) त्यांतली दोन मोठी नावं याच पट्ट्यातली आहेत.

पहिलं नाव अशोक शहाणे. जन्म १९३५, सातारा. त्यांनी १९६३ मध्ये ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ असा लेख लिहून थोरामोठ्यांच्या लेखनाचा एक्सरे काढला. केवढी खळबळ! त्याच सुमाराला ‘असो’ हे अनियतकालिक काढलं. मासिकाचं नाव काय, तर ‘असो’! पत्र संपवताना आपण जो शब्द लिहितो, त्याने यांनी सुरुवात केली. अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला, तेव्हा त्याची गाठ याच मंडळींशी पडली. पुढे शहाण्यांनी प्रास प्रकाशन काढलं आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ छापल्या. आज ज्यांना मोठे कवी म्हणतो, त्यांचं पुस्तक अशा हातांनी आलंय.

दुसरं नाव राजा ढाले. साताऱ्याहून सांगलीला रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी, भिलवडी मागे पडलं की नांद्रे स्टेशन येतं. मी त्या गाडीने कैक वेळा गेलोय आणि प्रत्येक वेळी झोपलेला असतो. त्या नांद्र्यात १९४० साली ढाल्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईला गेले. ‘येरू’ हे अनियतकालिक त्यांचं. येरू म्हणजे कुणीतरी ऐरागैरा. ज्याला कुणी विचारत नाही, त्याचं नाव यांनी मासिकाच्या डोक्यावर लावलं.

कशी निघत असतील ही मासिकं? कुणी छोट्या छापखान्यात, कुणी सायक्लोस्टाइलवर. मेणाच्या कागदावर शाईची फीत बाजूला करून टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या जागी मेण निघतं. तो कागद रुळावर चढवायचा आणि हँडल मारायचं. शाई अक्षरांतून झिरपते आणि खालच्या कागदावर प्रत उमटते. मेकॅनिकलवाल्यांनी बघावं असं यंत्र आहे. पैसे स्वतःच्या खिशातले, जाहिरात नाही, अनुदान नाही, मानधनाचा तर प्रश्नच नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. या मंडळींचा प्रस्थापित ‘सत्यकथा’ मासिकावर राग होता आणि तो तिचा अंक जाळण्यापर्यंत गेला. छापलेला कागद जाळणं मला आजही जड जातं. ‘सत्यकथे’नेही मराठीला कितीतरी चांगले लेखक दिले. पण १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला ढाल्यांनी ‘साधने’त ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला, तो मात्र वेगळा. दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्याला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा दंड शेजारी शेजारी ठेवून त्यांनी प्रश्न विचारला. भाषा जहाल होती, वादळ उठलं. पण प्रश्न खोटा होता असं कोण म्हणेल? त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, आणि ढाले तिच्या आघाडीच्या नेत्यांत होते. २०१९ मध्ये ते गेले.

आता बघा. लंडनच्या संपादकाकडे माळा होत्या, केस होते, गिटारवाले मित्र होते. ‘येरू’ काढणाऱ्याकडे यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे एक प्रश्न होता आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहायची तयारी होती. प्रतिसंस्कृती म्हणजे हेच, असं माझं मत आहे. ती टोपासारखी भाड्याने मिळत नाही.

आणि आता माझीच गोष्ट. दुसऱ्या वर्षाला असताना मी या विभागासाठी एक लेख लिहिला होता. विषय, आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. तिचं झाकण तुटलंय, आत कबुतरं पडतात, उन्हाळ्यात अर्धा मजला पोट धरून बसतो. मापं घेऊन, आकृती काढून चांगला दोन पानी लेख केला होता. एका सीनियरने वाचला आणि म्हणाला, “भावा, इंटर्नल मार्क कोणाच्या हातात असतात, ठाऊक हाय का?” बस्स. कुठल्याही सरांनी नाही म्हटलं नाही, संपादक मंडळाने परत पाठवला नाही, कारण मी तो दिलाच नाही. त्याऐवजी ‘पहिला पाऊस’ ही कविता दिली. छापून आली. त्या अंकात ‘पहिला पाऊस’ नावाच्या एकूण तीन कविता होत्या.

त्या वर्षी रेट्रो डेला सगळ्यांत लांब केसांचा टोप माझाच होता. टाळ्याही भरपूर मिळाल्या!

म्हणून ती मालिका बघताना मला हसू येईना. तो रे म्हणजे मीच की! तोंडाने क्रांती आणि हाताने पहिला पाऊस.

मित्रांनो, आपल्याला अंक जाळायचे नाहीत की कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. आपल्याकडे मेणकागदही लागत नाही, झेरॉक्सच्या दुकानात चार पानं पाच मिनिटांत निघतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री दोनला मेसच्या डाळीवर आपण जे लिहितो, त्यातला निम्मा दम जरी इथे नाव घालून आला, तरी पुरे. आणि सर, तुम्हालाही एक विनंती. तीनपैकी एक पहिला पाऊस कमी छापा, त्या पानावर काय येतं ते बघू. वाईट आलं तर पुढच्या वर्षी आहेच पाऊस.

सुरुवात माझ्यापासून करतो. लेख शोधला, पण तो सबमिशनच्या रद्दीत गेला. म्हणून परवा पुन्हा गच्चीवर जाऊन आलो.

टाकीचं झाकण अजून तुटलेलंच आहे. व्यास अडीच फूट.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)