पहिल्यापासूनच होत्या?



आमच्या सल्ला केंद्रात येणारी एक तरुण कार्यकर्ती 'स्टार ट्रेक'ची भक्त आहे. परवा मी सहज म्हटलं, तुमच्या त्या मालिकांमध्ये मुख्य कॅप्टन बाई असायला १९९५ साल उजाडावं लागलं. ती म्हणाली, "पण ताई, त्या जगात बायका पहिल्यापासूनच कॅप्टन होत्या." आम्ही दोघीही बरोबर होतो, आणि त्यामुळेच हे लिहावंसं वाटलं.

जीन रॉडनबेरी यांनी १९६४-६५मध्ये मालिकेचा पहिला नमुना-भाग तयार केला. त्यात यानावरचं दुसऱ्या क्रमांकाचं पद एका बाईकडे होतं. हुशार, थंड डोक्याची. पण तिला नाव नव्हतं, तिला 'नंबर वन' म्हणत. त्याच भागात कॅप्टन पाईक म्हणतो, यानाच्या नियंत्रण-कक्षात बाई असण्याची सवयच होत नाही. नंबर वननं वळून पाहिल्यावर तो सारवासारव करतो, की तुझी गोष्ट वेगळी. (नोकरी करणाऱ्या कुठल्या बाईनं हे ऐकलेलं नाही?) एनबीसी वाहिनीनं तो भाग नाकारला. ८ सप्टेंबर १९६६ला मालिका सुरू झाली तेव्हा नंबर वन गायब होती. तिला का काढलं याच्या वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या जातात. पडद्यावर दिसलं ते एवढंच, की तिचं पद स्पॉककडे गेलं आणि ती भूमिका करणारी मॅजेल बॅरेट त्याच यानावर नर्स होऊन परतली.

या मूळ मालिकेचा शेवटचा भाग ३ जून १९६९ला दाखवला गेला. त्यात जॅनिस लेस्टर ही शास्त्रज्ञ कॅप्टन कर्कला तोंडावर सांगते, की तुमच्या यान-कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही. हे न्याय्य नाही हे कर्कही कबूल करतो. मग ती एका यंत्राच्या मदतीनं त्याच्या शरीरात शिरते, कॅप्टनच्या खुर्चीत बसते, आणि तिथे लेखकांनी तिला किंचाळणारी, तोल सुटलेली करून टाकलं आहे. खुर्चीवर हक्क सांगणारी बाई वेडीच असणार!

पुढे दिवस पालटले. १९८६च्या चित्रपटात काही क्षणांपुरती एक बाई कॅप्टन दिसली. १९९५पासून कॅथरीन जेनवे सात वर्षं यान चालवत होती. खरी गंमत त्यानंतरची. नव्या मालिकांची कथानकं मागच्या काळात नेली गेली. 'एंटरप्राइझ'मध्ये, कर्कच्या शंभरेक वर्षं आधी, एरिका हर्नांडेझ कॅप्टन आहे. २०१७च्या 'डिस्कव्हरी'त, कर्कच्या कारकिर्दीच्या दहाएक वर्षं आधी, फिलिपा जॉर्जियू आहे. म्हणजे जॅनिस लेस्टरचं वाक्य आता त्या जगात खोटं ठरतं. मग चाहते खुलासा करतात, की ती फक्त कर्कच्या खाजगी आयुष्याबद्दल बोलत होती. किंवा, ती भ्रमिष्टच होती ना!

हा दुसरा खुलासा मला फार खटकतो. त्या सगळ्या भागांत उघड खरं बोललेली ती एकटी. तिला वेडी लेखकांनी केलं, आणि आता तिचं खरं बोलणंही तिच्या वेडात जमा.

मुलींना मागच्या शतकातल्या आज्या-पणज्या कॅप्टन म्हणून दिसाव्यात यात मला आनंदच आहे. २०२२पासूनच्या मालिकेत नंबर वन ऊना चिन-रायली या पुऱ्या नावानं वावरते, ओळख लपवून नोकरी केल्याबद्दल तिच्यावर खटला चालतो, तो पाहताना माझे डोळे भरून आले होते. पण हा मालिकांचा पसारा मागे जाऊन प्रत्येक वेळी डाग पुसूनच येतो असं नाही. 'डीप स्पेस नाइन'च्या १९९८च्या एका भागात कीरा या माजी बंडखोर बाईला भूतकाळात जाऊन कळतं, की निर्वासित छावणीत मेली असं सांगितलेली तिची आई प्रत्यक्षात शत्रूच्या अधिकाऱ्याकडे राहत होती, आणि त्यावर घरातली लेकरं जेवत होती. कीराला आईला माफ करणं जमत नाही, टाकणंही जमत नाही. तिथे मागे जाऊन इतिहास जड केला आहे, गुळगुळीत नाही. त्याआधी सातच वर्षं, १९९१मध्ये, कोरियाच्या किम हाक-सुन यांनी जपानी सैन्यानं आपल्याला कोंडून ठेवल्याचं जगासमोर सांगितलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या केंद्रातलं आहे. मारहाण झालेली बाई नांदायला परत जायचं म्हणते तेव्हा सासरची माणसं समझोत्याचा कागद आणतात. त्यात एक शब्द हमखास असतो: 'गैरसमज'. "उभयतांत गैरसमज झाले होते, ते दूर झाले आहेत." हाताचं हाड मोडलेलं असतं, आणि कागदावर गैरसमज. "आमच्याकडे सुनेला पहिल्यापासून लेकीसारखंच वागवलं जातं," हेही सोबत असतंच. पुढे पुन्हा मारहाण झाली की तोच कागद तिच्यापुढे धरतात. अनेक वर्षं आम्हीही त्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या, घर जुळतंय ना, या समाधानात.

आता आम्ही अडून बसतो. कोणी मारलं, कधी, कशानं, ते लिहा, मग पुढचं बोलू. बोलणी त्यामुळे लांबतात. गेल्या महिन्यात एक तर मोडलीच. ती बाई आमच्यावर चिडून, कागदाशिवायच परत गेली. तिची नोंद आमच्या वहीत तारखेसह आहे.