मालमोटार घेण्यापूर्वी तुलना कशाची करावी?

माल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो वेळेवर बाजारात पोहोचविणे निकडीचे असते. तोडलेला टोमॅटो वाहनाची वाट पाहत थांबत नाही. म्हणूनच अनेक शेतकरी गट, सहकारी संस्था आणि उत्पादक कंपन्या स्वतःची मालमोटार घेण्याचा विचार करीत आहेत. हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु मोटारीची निवड ज्या रीतीने होते, ती रीत बदलणे अगत्याचे आहे.

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो आणि जमल्यास औताला जुंपूनही पाहतो. तोच शेतकरी मालमोटार घेताना मात्र रंगीत पत्रक पाहून, अगर शेजारच्या गावाने कोणती घेतली हे ऐकून निर्णय करतो. बैलाच्या अनेक पटींनी मोल असलेल्या, कर्ज काढून घ्यावयाच्या वस्तूबाबत इतकी बेफिकिरी परवडणारी नाही. हप्ते थकले तर झळ सर्व सभासदांच्या भागभांडवलास लागते.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ज्या मालवाहनाचे भरलेले एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा अधिक परंतु १२,००० किलोंपर्यंत असते, ते मध्यम मालवाहन होय. टाटा, अशोक लेलँड, आयशर, महिंद्रा इत्यादी कारखानदार या वर्गात व त्याच्या आसपास अनेक नमुने विकतात. कागदावर ते भावंडांसारखे दिसतात. त्यांतील भेद किमतीच्या आकड्यात नव्हे, तर पुढील बाबींत शोधावयास हवा.

मोटारीचे स्वतःचे वजन

एकूण वजन सारखे असले तरी वाहून नेता येणारा माल सारखा असतोच असे नाही. एकूण वजनातून मोटारीचे स्वतःचे वजन वजा जाता उरते तेवढाच माल कायद्याने भरता येतो. पत्रकात पुष्कळदा केवळ सांगाड्याचे वजन दिलेले असते. त्यावर बांधलेल्या हौद्याचे वजन निराळे धरावे लागते. समजा, एक मोटार हौद्यासह दुसरीपेक्षा ३०० किलो जड आहे. वर्षाला १२० खेपा होत असतील तर हा फरक ३६,००० किलोंचा, म्हणजे ३६० क्विंटलांचा होतो. तेवढ्या मालासाठी पाचसहा खेपा अधिक कराव्या लागतील. सोयाबीन, हरभरा, कांदा अशा जड मालास हा हिशेब लागू पडतो. पालेभाजी अगर कोबी न्यावयाची असेल तर वजनाची मर्यादा येण्यापूर्वीच हौदा भरून जातो. तेथे वजनापेक्षा हौद्याची लांबी व उंची महत्त्वाची ठरते. टोमॅटोची क्रेट किती रांगांत व किती थरांत बसेल, हे टेपाने मोजूनच ठरवावे.

रस्ता आणि चढ

लांब हौद्याची मोटार महामार्गावर सोयीची; परंतु गावातील अरुंद वळणावर व पॅकहाउसच्या फाटकातून ती वळेल काय, हे आधी पाहावे. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने कल्याणकडे न्यावयाचा असो, की नाशिक जिल्ह्यातील भाजी कसारा घाटाने वाशीच्या बाजारात, या वाटांवर केवळ अश्वशक्तीचा मोठा आकडा उपयोगी पडत नाही. इंजिन कमी फेऱ्यांवर किती ओढ देते आणि खालचे गिअर चढास पुरेसे आहेत काय, यावर भरलेल्या मोटारीची चाल अवलंबून असते. यास्तव चाचणी रिकाम्या मोटारीची न करता भरलेल्या मोटारीची, आणि नेहमीच्याच रस्त्यावर करावी.

डिझेल व फिरती

एक मोटार लिटरमागे ६ किलोमीटर व दुसरी साडेसहा किलोमीटर जाते, आणि दुसरीची किंमत एक लाख रुपयांनी अधिक आहे, असे समजू. वर्षाला ४०,००० किलोमीटर फिरती असेल तर दुसरीला सुमारे ५१३ लिटर डिझेल कमी लागेल. भाव लिटरला ९० रुपये धरल्यास वर्षाची बचत ४६,००० रुपयांहून अधिक होते. वाढीव किंमत व्याजासह तीन वर्षांच्या आत वसूल होईल. परंतु फिरती केवळ १५,००० किलोमीटर असेल तर बचत सुमारे १७,००० रुपयेच राहते. दहा टक्के दराने लाखाचे पहिल्या वर्षाचे व्याजच १०,००० रुपये होते. एकाच दोन मोटारींपैकी एका गावास एक, तर दुसऱ्या गावास दुसरी योग्य ठरते ती अशी. फिरती याहूनही कमी असेल तर मोटार विकत न घेता हंगामापुरती भाड्याने घेणे शहाणपणाचे होय. उभी मोटार डिझेल खात नाही, पण हप्ता, विमा व कर खातच असते.

दुरुस्तीची सोय

१ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत-सहा हे धुराचे मानक लागू झाले. या वर्गातील बहुतेक नव्या डिझेल मोटारींत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण स्वतंत्र टाकीत भरावे लागते आणि अनेक दोष संगणकी यंत्र जोडूनच शोधावे लागतात. गावच्या मिस्त्रीचा अनुभव मोलाचा असला तरी प्रत्येक बिघाड त्याच्या हातून दूर होईल असे नाही. म्हणून अधिकृत कार्यशाळा किती अंतरावर आहे, हंगामात मोटार किती दिवस अडकते व सुटे भाग तालुक्यास मिळतात काय, याची चौकशी विक्रेत्याकडे न करता तीच मोटार चालविणाऱ्या दोनतीन मालकांकडे करावी. तोडणीच्या ऐन दिवसांत चार दिवस बंद पडलेली मोटार स्वस्त असूनही महाग ठरते.

जादा भार व चालक

लहान मोटार घ्यावी आणि जादा माल भरून भागवावे, हा विचार घातक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आकार आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनमालकावर पडतो. ब्रेक आणि टायर यांवर येणारा ताण तर घाटात जिवावर बेततो. तसेच ७,५०० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या मालमोटारीस हलक्या वाहनाचा परवाना चालत नाही. चालकाकडे त्या वर्गाचा वाहतूक परवाना हवा. तो नसल्यास अपघातानंतर विम्याच्या भरपाईतही अडचण उद्भवते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. गटाच्या बैठकीत प्रथम एका कागदावर मालाचा प्रकार, खेपांची संख्या, रस्ता आणि वर्षाची फिरती लिहून काढावी. दुसऱ्या कागदावर दोनतीन मोटारींचे वजन, हौदा, डिझेल, कार्यशाळेचे अंतर व हप्ता शेजारी शेजारी मांडावा. मग वर्षाचा सर्व खर्च वाहिलेल्या मालाने भागून क्विंटलमागे पडणारा खर्च काढावा. हाच आकडा तुलनेचा खरा काटा होय. विक्रेत्याच्या दारात या दोन कागदांनिशी जावे. त्यांवाचून जाऊ नये.