‘स्फोट झाला’ या वाक्याचा कर्ता

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत ‘प्रोबेस एंटरप्रायझेस’ या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसे दगावली, दोनशेच्या आसपास जखमी झाली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत ‘अमुदान केमिकल्स’मध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे दगावली, साठाहून अधिक जखमी झाली.

ही वाक्ये मी मुद्दामच वर्तमानपत्री घाटाची लिहिली आहेत. आपल्यापैकी बरेच जण मराठी शिकतात वा शिकवतात. तेव्हा प्रश्न सोपा आहे: ‘स्फोट झाला’ या वाक्यात कर्ता कोण? विद्यार्थी सांगेल, ‘स्फोट’. व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर बिनचूक आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. स्फोटाने स्वतःच स्वतःला घडवून आणले, माणसे मात्र वाटेत आली. पुढची वाक्येही याच कुळातली असतात: ‘नियमांचे उल्लंघन झाले’, ‘गंभीर दखल घेण्यात आली’, ‘मदत जाहीर करण्यात आली’. उल्लंघन कोणी केले आणि दखल कोणी घेतली, हे सांगण्याची सक्ती ही भाषा कोणावरच करीत नाही. उद्योगांच्या नीतिमत्तेची चर्चा मला या वाक्यापासून सुरू करावीशी वाटते.

कायद्याच्या लेखी कंपनी ही कृत्रिम व्यक्ती असते. ती करार करते, मालमत्ता बाळगते, दावा लावते. हक्कांच्या वेळी ती व्यक्ती असते. जबाबदारीची वेळ आली की मात्र तिचे रूपांतर एकाएकी यंत्रात, तापमानात, नशिबात होते. अमुदानच्या वेळी प्रथम ‘बॉयलर फुटला’ असे सांगण्यात आले, मग ‘बॉयलर नव्हे, रिॲक्टर’ अशी दुरुस्ती आली. नेमके काय फुटले हेही ज्यांना लगेच कळू शकत नाही, त्यांनी त्या भिंतीपलीकडे काय शिजते आहे हे जाणून संसार थाटला असेल, असे कसे समजायचे?

हे अज्ञान नैसर्गिक नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये इस्पितळांतल्या डॉक्टरांनाही आपण कोणत्या विषाशी झुंजतो आहोत हे ठाऊक नव्हते. त्या अनुभवातून शहाणे होऊन १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१ ब घालण्यात आले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने त्या धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या सर्वसाधारण जनतेलाही दिली पाहिजे, असे ते कलम सांगत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही हे बंधन कायम आहे. म्हणजे शेजाऱ्याला धोका सांगणे हा कंपनीचा मोठेपणा नाही, ते तिचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात प्रोबेस स्फोटाच्या चौकशीचा अहवालसुद्धा नागरिकांना माहितीच्या अधिकारात मागावा लागला. स्फोटानंतरची माहिती जिथे अर्ज करून मिळवावी लागते, तिथे स्फोटाआधीची कोण आणून देणार?

यावरचे ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे: ‘कारखाने आधी आले, वस्ती नंतर. घरे तिथे घेतलीत कशाला?’ या म्हणण्यात तथ्य आहे. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत साठच्या दशकातली, आणि कारखान्यांच्या कुंपणापर्यंत इमारतींना परवानग्या देणाऱ्यांचा दोष लपवण्याचे मला कारण नाही. पण या युक्तिवादातून कंपनी सुटत नाही. दिल्लीतील श्रीराम कंपनीच्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये स्पष्ट केले की, धोकादायक व्यवसायातून नफा मिळवणाऱ्याला ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ असे म्हणूनही हात झटकता येणार नाहीत. शिवाय वस्तीच्या आधी आलेला हा कारखाना कामगाराच्या आधी आलेला नसतो. तो पहिल्या दिवसापासून आत असतो, आणि सगळ्यांत आधी मरतो.

मी कोणाला खलनायक ठरवीत नाही. प्रोबेसमधील मृतांत मालकांच्या घरची माणसेही होती. दुष्टपणाने सगळे उलगडले असते तर प्रश्न सोपा झाला असता. इथे दिसते ती सवय आहे: काल काही झाले नाही म्हणून आजही काही होणार नाही, ही सवय. नीतीची खरी गरज अशा सवयीच्या जागी असते.

त्या जागी आपल्याला दाखवले जाते ते दातृत्व. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितले. त्यातून शाळांना बाके मिळाली असतील, ती मिळावीत. पण दोन टक्क्यांचा हिशेब उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या जन्मकथेबद्दल काहीच विचारत नाही. दुसरा उपाय स्थलांतराचा. २०२२ मध्ये डोंबिवलीतील १५६ कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. पाताळगंगेच्या काठीही माणसे राहतात. धोका न सांगण्याची रीत तशीच राहिली, तर या निर्णयाने बदलेल तो फक्त मृतांचा पत्ता.

आता आपल्याविषयी. प्रोबेसच्या स्फोटानंतर आठ-नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, याच डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू करणारी, वाचनालयांचा अभिमान बाळगणारी ही नगरी. तिच्या सांस्कृतिक कीर्तीविषयी मला आकस नाही. पण नारायण सुर्व्यांनी गिरणीतला कामगार मराठी कवितेत ज्या ताठपणे उभा केला, त्या ताठपणे रासायनिक कारखान्यातला कंत्राटी कामगार उभा करणारी कृती मला आठवत नाही. कंपन्यांनी त्याचे नाव हजेरीपटावर नीट लिहिले नाही, असे आपण म्हणू. आपण तरी ते कुठे लिहिले?

साहित्याच्या माणसाकडून रिॲक्टरच्या झडपा तपासल्या जाणार नाहीत. वाक्ये मात्र तपासता येतात, आणि ते आपले कामच आहे. पुढच्या वेळी ‘स्फोट झाला’ असे कोणी लिहिले, तर शिक्षकाने तांबडी शाई घ्यावी आणि समासात लिहावे: कर्ता अपूर्ण.